कोणाची कोण?

इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ हा लेख मी अनेक वर्षे वर्गात शिकवला. एका समारंभात लेखिकेची ओळख करून दिली जाते ती नामवंतांची सून, पत्नी अशी. या ओळखीत काहीतरी राहून गेले, ही रुखरुख घेऊन ती घरी निघते. वाटेत काही मुले तिच्याकडे पाहून कुजबुजतात की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. आणि उणीव भरून निघते.

दर वर्षी एखादी विद्यार्थिनी अस्वस्थ होऊन विचारी, “सर, इतक्या विदुषीला शेवटी कोणाची तरी आई असण्यातच पूर्णता वाटावी?” प्रश्न रास्त होता. बर्लिनला जाऊन मानवी कवटीच्या विषमतेवर प्रबंध लिहिणारी, डेक्कन कॉलेजात मानवशास्त्राचे संशोधन करणारी, ‘युगान्त’साठी १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारी ही बाई. मी लेखाच्या मिस्कील सुराकडे बोट दाखवून वेळ निभावून नेत असे.

त्या उत्तराचे अपुरेपण मला घरी कळले. लग्नात आईचे माहेरचे नाव बदलले होते. ताटातल्या तांदळांत अंगठीने नवे नाव लिहिले गेले आणि जुने पुसले गेले. पुढे पन्नासाहून अधिक वर्षे ती कोणाची वहिनी, कोणाची काकू, कोणाची आजी होती. याची तिला खंत असल्याचे कधी दिसले नाही. आम्ही विचारलेही नाही. ती ऐंशीच्या घरात असताना तिची एक शाळामैत्रीण भेटायला आली. दारातूनच तिने आईला एका नावाने हाक मारली. आम्हां भावंडांपैकी कोणीही ते नाव ऐकलेले नव्हते. अंथरुणाला खिळलेली आई उठून बसली आणि म्हणाली, “आले गं!” मला आनंदाआधी शरम वाटली. जन्मभर हिचा मुलगा असून या बाईला मी ओळखत नव्हतो.

माणसाचे मीपण एकांतात घडत नाही. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते, हे इरावतीबाईंना नेमके उमगले होते. मात्र त्यांच्यापाशी स्वतःचे नाव होते, मते होती, ग्रंथ होते. ‘आई’ ही ओळख त्या साऱ्यांत भर म्हणून आली, म्हणून ती परिपूर्ती ठरली. माझ्या आईपाशी नात्यांची रेलचेल होती; उणे होते ते नाव. नावात मिळवलेले नाते माणसाला वाढवते, नावाच्या जागी बसवलेले नाते त्याला हळूहळू झाकून टाकते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींतला फरक दिसत नाही, कारण दोन्हींकडे माणूस हसतच असतो.

निवृत्तीच्या वर्षी तो प्रश्न पुन्हा आला, तेव्हा मी वर्गाला आईची गोष्ट सांगितली. “सर, ते नाव काय होते?” एकीने विचारले. मी सांगितले नाही. मैत्रीण येऊन गेल्यावर आई आणखी दोन वर्षे होती. एकदा तरी तिला त्या नावाने हाक मारावी असे फार वाटे. धीर झाला नाही.