घर नेमकं कुणी घेतलं?

आईचं डोंबिवलीचं घर विकून बराच काळ लोटला, पण तो इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, आठवला की अजून माझं डोकं फिरतं.

बाबा गेले, आई माझ्याकडे पुण्याला आली, बंद घराचा मेन्टेनन्स किती दिवस भरायचा? म्हणून विकायला काढलं. एजंट बाबांच्या ओळखीतला. आई त्याला भाऊ म्हणायची. दोन टक्के ब्रोकरेज ठरलं. तो म्हणाला, "ताई, इमारत जुनी, लिफ्ट नाही, बँका लोनला कटकट करतात. आलेलं गिऱ्हाईक सोडू नका."

रजिस्ट्रेशनच्या दिवशी नंबर लागेपर्यंत आम्ही सगळे एकाच बाकावर बसलो होतो. एजंट घेणाऱ्याला 'साहेब, साहेब' करत होता. माझ्यादेखत त्यानं विचारलं, "साहेब, सध्या राहायला कुठे?" तो त्याचा सख्खा मेहुणा होता! आईचा अंगठा मशीनवर नीट उमटेना, तर एजंटनंच रुमालानं तिचं बोट पुसलं. वर ब्रोकरेजचा चेक घेतला.

पुढे शेजारच्या काकूंचा फोन आला : सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे. बिल्डरचं पत्र आमच्या व्यवहाराआधीच कमिटीकडे आलं होतं आणि बिल्डरला आणणारा हाच एजंट. नात्याचंही काकूंकडूनच कळलं. मी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून इंडेक्स टू काढला. मेहुण्यानं घर बहिणीला, म्हणजे एजंटच्या बायकोला, बक्षीसपत्रानं देऊन टाकलं होतं.

मला वाटलं, रेरात तक्रार करू. पण रेरा कायद्यातली एजंटची नोंदणी आणि कर्तव्यं बिल्डर विकत असलेल्या नोंदणीकृत प्रकल्पांपुरती आहेत. आमच्यासारख्या रिसेलला ती लागत नाहीत. महाराष्ट्रात २०२३पासून एजंटांची परीक्षा होते, त्याचाही इथे उपयोग नाही. वकिलांनी १८७२चा करार कायदा उघडला. कलम २१५चं पहिलंच उदाहरण : 'अ'नं 'ब'ला मिळकत विकायला सांगितली, 'ब'नं 'क'च्या नावावर ती स्वतःच घेतली. महत्त्वाची गोष्ट लबाडीनं लपवली किंवा व्यवहार तोट्याचा झाला हे दाखवता आलं, तर 'अ' विक्री नाकारू शकतो. दीडशे वर्षांपूर्वी आमचीच गोष्ट लिहून ठेवलेली! तरीही सिद्ध आम्हीच करायचं, दिवाणी कोर्टात, वर्षानुवर्षं.

रिसेलचे एजंटही नोंदणीखाली आणलेच पाहिजेत. तोवर घर विकणाऱ्यांनी एजंटकडून लिहून घ्यावं, की घेणाऱ्याशी माझं नातं नाही, हितसंबंध नाही आणि इमारतीबद्दल मला माहीत असलेलं सगळं सांगितलं आहे. सोसायटीचं इतिवृत्तही मागून वाचावं.

एजंट नकोच, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत सुटले होते. पण माझ्या भावाला ठाण्यात घर दाखवणाऱ्या एजंट बाईंनी ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नाही हे आपणहून सांगितलं आणि हातचा सौदा सोडला. नंतर त्यांच्यामार्फतच दुसरं घर घेतलं, तेव्हा त्यांना दोन टक्के देताना मला जड गेलं नाही.

आईच्या घराच्या एजंटला पाठवायची आमची नोटीस तयार आहे. आई सही करत नाही. म्हणते, बाबांच्या आजारपणात रात्री रिक्षा त्यानंच आणली होती. ते खरं आहे. म्हणूनच मला जास्त संताप येतो.