भिंतीची उलटतपासणी

भिंतींना कान असतात हे आपण लहानपणापासून ऐकतो. भिंतींना तोंडही असतं, हे नव्या इमारतीने दोन पावसाळे काढले की कळतं. त्या तोंडालाच आपण भेग म्हणतो.

भेग दिसली की सोसायटीत निदान करणाऱ्यांचं पेव फुटतं. बिल्डर म्हणतो, "काका, ही नुसती गिलाव्याची भेग. घर बसतंय जरा!" (घर बसतंय की आपण, हे तो सांगत नाही.) खालच्या वहिनींच्या मते सगळा दोष वरच्यांच्या मोरीचा. अखेर प्रकरण वकिलाकडे जातं आणि हातोडी घेतलेला इंजिनिअर येतो.

ही हातोडी काँक्रीटवर दाबली की आतला भार आपटून किती मागे उसळतो, त्यावरून वरचा टणकपणा कळतो. दुसरं यंत्र खांबाच्या एका अंगाने ध्वनिलहरी सोडतं. आत पोकळ्या असल्या की स्वारी दुसऱ्या अंगाला उशिरा पोचते. एवढ्यानं भागलं नाही तर खांबातून गोल गाभे कापून ते दाबून फोडतात. आयएस ४५६ प्रमाणे त्यांची सरासरी ताकद ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के हवी आणि एकही गाभा ७५ टक्क्यांखाली नको. पस्तीस टक्क्यांवर पेढे वाटणाऱ्या आपल्या समाजाला हे जरा जडच जातं.

मग ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडतात. धड काँक्रीट गुलाबी होतं; हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने बाधलेला भाग कोरा राहतो. हा कोरेपणा सळईपर्यंत पोचला की गंजाला दार उघडं. या सगळ्या व्यवहारात लाजून गुलाबी होणारा एवढाच एक पक्ष!

कायदाही आपल्या बाजूचा आहे. १९६३च्या मोफा कायद्यात दोष दाखवायला ताब्यापासून ३ वर्षं होती. २०१६च्या रेरा कायद्याने ५ दिली. त्या मुदतीत बांधकामाचा दोष कळवला की बिल्डरने ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्ती करायची.

आणि आपण काय करतो? मुलीचं लग्न ठरलं म्हणून भेगेत पुट्टी भरून वर रंग मारतो. साक्षीदाराच्या तोंडात बोळाच तो! पुढे कोर्टाचा कमिशनर पाहणीला येतो, तेव्हा भिंत नवरीसारखी नटलेली.

तेव्हा रंगाऱ्याच्या आधी फोटोग्राफर आणि इंजिनिअर बोलवावा, बिल्डरला लेखी कळवून पोच घ्यावी. लग्नात पाहुण्यांनी भेगेबद्दल विचारलंच, तर गंभीरपणे सांगावं, "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे."