आठ फुटांचे घर

उरणच्या वाटेवर न्हावा-शेवा बंदराच्या अलीकडे रंगीत कंटेनरांच्या चळती दिसू लागतात. समुद्रावर आयुष्य काढलेली अशीच एक ४० फुटी पोलादी पेटी कर्जतजवळच्या उघड्या माळावर घर होऊन बसली आहे. ७४ वर्षांचे माझे एक जुने रुग्ण तेथे सपत्नीक राहावयास गेले. वैशाखातल्या एका दुपारी मी त्यांच्याकडे पोहोचलो.

पेटीची बाहेरची रुंदी ८ फूट. भिंतींना आतून उष्णतारोधक अस्तर लावल्यावर जेमतेम ७ उरते. पलंग मांडल्यावर काकूंच्या वॉकरला अरुंद वाट राहिली होती. चाकांची खुर्ची वळवावयास ५ फूट मोकळे लागतात. ते कोठेच नव्हते. "अजून चालते हो मी!" काकू म्हणाल्या.

छताला मात्र अस्तरच नव्हते. काका रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेतात आणि उतारवयात तहान उशिरा कळते. त्यांची जीभ कोरडी होती, उठताना तोल गेला. बसून व उभे राहून रक्तदाब मोजला. वरच्या आकड्यात २० हून अधिक फरक! गोळीचे प्रमाण मी बदलले (ते कोणी आपल्या मनाने बदलू नये) आणि त्यांना मुलाकडे पाठवले.

मुलाला सांगितले ते असे : छतावर हवा खेळेल इतके अंतर ठेवून दुसरे छप्पर, समोरासमोर खिडक्या, दाराशी उतरण. पेटीच्या मूळ लाकडी तळावर बहुधा कीटकनाशकाची प्रक्रिया असते, त्याचीही चौकशी कर.

"शेजारी आणखी एक पेटी जोडू आणि मधली भिंत कापू," तो म्हणाला. भिंत कापली की वर लोखंडी तुळई हवी. काकांनी वहीत तेही लिहून घेतले.