डाव्या कानातली घुं

दिवाळीला घरी जाताना लोक कपडे नेतात, मिठाईचे बॉक्स नेतात. मी यंदा पुण्याहून मांडीवर एक ॲम्प्लिफायर घेऊन गेलो. टेंभुर्णी, बार्शी, येरमाळा करत कळंब येईपर्यंत सहा-सात तास ते धूड खाली ठेवलं नाही, कारण त्यात काचेचे दोन व्हॉल्व्ह आहेत. आई म्हणाली, "बारावीचं मार्कशीट तरी इतकं जपून आणलं होतंस का?"

हो, व्हॉल्व्ह. आजोबांच्या रेडिओत असायचे तेच. हेडफोनसाठी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घेणं हा माझ्यासारख्या ईएमआय भरणाऱ्या माणसाला परवडणारा शेवटचा मूर्खपणा आहे. पण एकदा त्या नारंगी उजेडाकडे बघत रात्री दीड वाजता लता ऐकली की माणूस कामातून जातो.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काचेच्या नळीत निर्वात पोकळी. आत एक हीटर, तो कॅथोडला तापवतो. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या प्लेटकडे धावतात. मध्ये तारेची एक जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. या ग्रिडवर गाण्याचा बारीकसा सिग्नल दिला की पलीकडचा मोठा प्रवाह त्याच लयीत कमीजास्त होतो. आमच्याकडच्या मांजरा धरणाचा दरवाजा कसा, हलवतो एक माणूस आणि पाणी किती सुटतं! तसंच.

माझ्या ॲम्प्लिफायरमध्ये प्रत्येक कानाला एक ईसीसी८२ आहे. अमेरिकन लोक त्यालाच १२एयू७ म्हणतात. हे व्हॉल्व्ह आजही नवे बनतात, स्लोव्हाकियात, रशियात, चीनमध्ये. पण या नादातल्या लोकांना ५०-६० वर्षांपूर्वीचे जुने हवे असतात. इंग्लंडचे मुलार्ड, हॉलंडचे फिलिप्स, जर्मनीचे टेलिफुंकन. एक काढायचा, दुसरा लावायचा आणि मग "आवाज उघडला", "बास गोल झाला" वगैरे म्हणायचं. माझं प्रामाणिक मत सांगू? दोन्ही व्हॉल्व्ह ठणठणीत असतील तर फरक असतो, पण तो डोळे मिटून दहापैकी दहा वेळा ओळखून दाखवा म्हटलं तर माझी फजिती होईल. (हे माहीत असूनही मी व्हॉल्व्ह घेतो. असो.)

मात्र एखादा व्हॉल्व्ह बिघडला तर फरक ओळखायला कुणाचेच कान तयार लागत नाहीत.

धनत्रयोदशीच्या रात्री गच्चीवरच्या खोलीत सगळं जोडलं, हेडफोन घातला आणि उजव्या कानात घुंऽऽऽ. बारीक, पण सतत. मध्येच एखादी खर्र.

साहजिकच इंजिनिअर जागा झाला. एका वेळी एकच बदल, हे मी ऑफिसात ज्युनियर पोरांना तोंड दुखेपर्यंत सांगतो (आणि रिलीजच्या आदल्या रात्री स्वतः चार बदल एकदम करतो). आधी लॅपटॉप काढून मोबाइल लावला. घुं तशीच. व्हॉल्यूम शून्यावर आणला. तशीच. म्हणजे गडबड व्हॉल्यूमच्या बटणाच्या पुढे. हेडफोन उलटा घातला, तर घुं डाव्या कानात. म्हणजे कान ठीक, ॲम्प्लिफायरचा उजवा चॅनेल खराब. मग प्लग काढून पंधरा मिनिटं थांबलो. हे थांबणं महत्त्वाचं बरं का, कारण काच भाजते आणि आतल्या कंडेन्सरमध्ये शंभरच्या वर व्होल्टेज बसून राहू शकतं. मग दोन्ही व्हॉल्व्हची अदलाबदल केली. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे.

चालू केलं. शांत! दोन्ही कान स्वच्छ. जिंकलो, नुसता कॉन्टॅक्ट ढिला होता, असं म्हणत खाली जाऊन चकल्यांचा डबा घेऊन आलो. येऊन बघतो तर घुं परत हजर. आता मात्र डाव्या कानात.

बिघाड व्हॉल्व्हबरोबर गेला, म्हणजे दोषी व्हॉल्व्ह. एवढं कळलं. पण मधली दहा मिनिटं तो शहाण्यासारखा का वागला, हे काही कळेना. आणि जवळ स्पेअर एकही नाही. पुण्यात असतो तर बुधवार पेठेत किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारली असती. कळंबमध्ये व्हॉल्व्ह कुठे मिळणार?

बाबा म्हणाले, "रेडिओवाल्या काकांकडं बघ की."

काकांचं दुकान बाजारातल्या गल्लीत आहे. आता तिथे मिक्सर, टेबलफॅन, इस्त्र्या दुरुस्त होतात. पुढच्या काउंटरवर नातू मोबाइलची कव्हरं विकतो. काकांनी पंच्याहत्तरी ओलांडलीय. १९६० च्या दशकाच्या शेवटी, ट्रान्झिस्टर यायला लागले होते आणि व्हॉल्व्ह अजून गेले नव्हते, त्या सांध्यावर ते हे काम शिकले. लग्नात आणि गणपतीत वाजणाऱ्या भोंग्यांचे ॲम्प्लिफायरही तेच दुरुस्त करायचे.

"कव्हा आलास रे?"

"परवा."

"आन् हे काय घेऊन फिरायलास?"

मी सांगितलं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि व्हॉल्व्हकडे (ते 'वॉल' म्हणतात) असं पाहिलं की जणू शाळेतला मित्र चाळीस वर्षांनी दारात उभा राहिला.

"अजून बनवतेत व्हय हे?"

मी माझं डिबगिंग सगळं ऐकवलं. ते मान हलवत होते. मग म्हणाले, "लाव. आन् गाणं बंद कर आधी."

त्यांनी हेडफोन घातला आणि काहीही वाजत नसताना दोन-तीन मिनिटं नुसते ऐकत बसले. नातू मोबाइलमधून मान वर करून बघायला लागला. मग काकांनी हेडफोन काढून निकाल दिला. "ही लाइनची घुं हाय. कंडेन्सरची न्हाई. आतून गळायलंय."

मला दोन मिनिटं लागली, पण त्यामागचं सगळं इंजिनिअरिंग बरोबर होतं. आपल्याकडच्या विजेची फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झ. पॉवर सप्लायचा कंडेन्सर कमजोर झाला तर रेक्टिफायरनंतर उरलेली घुं १०० हर्ट्झची येते, म्हणजे एक सप्तक वरची, थोडी धारदार. आणि माझ्या ॲम्प्लिफायरमध्ये हीटरला थेट ट्रान्सफॉर्मरमधला एसी जातो. हीटर आणि कॅथोड यांच्यातलं इन्सुलेशन बिघडलं की तो ५० हर्ट्झ कॅथोडवर गळतो आणि सरळ कानात येतो. जाड, बसकी घुं. हे इन्सुलेशन थंड असताना ठीक असतं, तापल्यावर गळतं. म्हणून ती दहा मिनिटांची शांतता! शिवाय कंडेन्सर दोन्ही चॅनेलना एकच होता. तो गेला असता तर घुं दोन्ही कानांत आली असती, हे माझ्याही लक्षात यायला हवं होतं. आलं नव्हतं.

कॉलेजात आम्हाला व्हॉल्व्ह एका पानात उरकला होता. सप्तकावरून बिघाड ओळखायचा हे कुठल्या सिलॅबसमध्ये असणार.

मग काकांनी व्हॉल्व्ह उपसला. एक हात खिशात घालून, एकाच हाताने. प्लग काढलेला होता तरीही. "सवय लागली पाह्यजे. दुसरा हात पत्र्याला टेकला की करंट छातीतनं जातो." काचेच्या डोक्यावरचा चंदेरी डाग त्यांनी उजेडात धरून पाहिला. तो पांढरा पडला असता तर आत हवा शिरली असं समजायचं. चंदेरीच होता. पिना पॉलिश पेपरने घासून पाहिल्या. खर्र गेली, घुं राहिली.

"थांब, बघू." म्हणत ते माळ्यावर चढले. या वयात. नातवाने नुसती शिडी धरली.

खाली आला तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले व्हॉल्व्ह. काका एकेक सोडत नाव वाचत होते, आणि नावावरूनच तो काय करतो ते सांगत होते. ही युरोपियन नावं म्हणजे चांगल्या प्रोग्रॅमरने ठेवलेली व्हेरिएबल्स आहेत. पहिलं अक्षर ई म्हणजे हीटर ६.३ व्होल्टचा. डी म्हणजे १.४ व्होल्टचा, बॅटरीवर चालणारा. गावात लाइट नव्हती तेव्हाच्या रेडिओतला. सी म्हणजे ट्रायोड, दोनदा सी म्हणजे एका काचेत दोन. आकडा ऐंशीच्या घरातला असेल तर नऊ पिनांचा. ईएल८४ चे दोन होते, त्यावर भारत इलेक्ट्रॉनिक्सचं बीईएल हे नाव. बंगळूरची ही सरकारी कंपनी १९५४ साली निघाली आणि १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला लागली. त्या ईएल८४ ला आज परदेशातही गिऱ्हाईक आहे.

आधी ईसीसी८३ सापडला. पिना सगळ्या सारख्या. मी म्हटलं हाच लावू. काका म्हणाले, "तपासायला लाव. ऐकायला नको. बसतंय म्हणून चालतंय असं नस्तंय." खरंच, ८२ चा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर १७ ते २०, ८३ चा १००. लावल्यावर घुं गायब झाली, पण तो कान दुसऱ्यापेक्षा भलताच जोरात आणि फाटका वाजायला लागला. मात्र दोषी व्हॉल्व्हच, हे पक्कं झालं.

आणि मग डब्याच्या तळाशी, एकाच कागदात गुंडाळलेले दोन ईसीसी८२. कुठल्यातरी भोंग्याच्या ॲम्प्लिफायरसाठी आणून ठेवलेले, न वापरलेले. मुलार्ड. काचेच्या खालच्या बाजूला बारीक राखाडी कोड होता, दुसऱ्या ओळीची सुरुवात बी३ अशी. बी म्हणजे इंग्लंडमधला ब्लॅकबर्नचा कारखाना, ३ म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा. बहुधा १९६३.

माझ्या छातीत धडधडलं. अशी न वापरलेली जोडी काही हजारांना जाते हे मला चांगलंच माहीत होतं. आदल्याच महिन्यात मी एक जोडी बघून, किंमत वाचून, टॅब बंद केला होता.

"किती द्यायचे, काका?"

"तू घरचा. दोन्हीचे दोनशे दे."

मी दोनशे दिले. मिळून चार-पाच सेकंद असतील, बोलायला भरपूर वेळ होता. मी बोललो नाही. थँक्यू काका म्हणालो आणि घरी आलो.

रात्री ॲम्प्लिफायर इतका सुंदर वाजला की काय सांगू. घुं नाही, खर्र नाही, दोन्ही कान सारखे. वीस मिनिटांत बंद करून ठेवला. स्वतःशी वाद सुरू होता. त्यांना डबा आठवतही नव्हता, मी नसतो गेलो तर भंगारात गेला असता, मार्केट प्राइस शोधणं हे विकणाऱ्याचं काम.. सगळे मुद्दे बरोबर होते. अप्रेझलच्या मीटिंगमध्ये माझा मॅनेजर असेच बरोबर मुद्दे मांडतो.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला ताई यायच्या आधी परत दुकानात गेलो. काका मिक्सर उघडून बसले होते. मोबाइलवर भाव काढून दाखवला. त्यांनी चष्मा खाली घेऊन आकडा वाचला, शून्यं मोजली.

"तुला काल माहीत होतं हे?"

"होतं."

ते काही बोलले नाहीत. मिक्सरच्या वायरला सोल्डर लावत राहिले. दोन जोड लावून झाले, तिसरा लागला. मी उभाच. शेवटी इस्त्री ठेवावी तशी सोल्डरिंग गन स्टँडवर ठेवली आणि म्हणाले, "बरं. डबा काढ. बाकीच्याचं काय हुतंय ते लिहून दे."

मी जोडीचे उरलेले पैसे दिले. त्यांनी ते दोनदा मोजून घेतले.

मग दीड तास आम्ही दोघं यादी करत बसलो. मी लॅपटॉपवर एक्सेल उघडलं, काका एकेक व्हॉल्व्ह उजेडात धरून नाव सांगणार, डाग कसा आहे ते सांगणार, मी कॉलम भरणार. एकूण ४१ निघाले. बीईएलचे ईएल८४ मी पिवळ्या रंगाने मार्क केले. तेवढ्यात काकांनी चार व्हॉल्व्ह बाजूला काढून शर्टाच्या खिशात टाकले. ईसीएच८१, ईबीएफ८९, ईसीएल८२, ईझेड८०.

"हे यादीत नको."

"का?"

त्यांनी वर फळीकडे बोट दाखवलं. तिथे एक जुना मर्फी होता, ठाण्याच्या कारखान्यातला. मागच्या पुठ्ठ्याला दोऱ्याने कागद बांधलेला. गावाचं नाव, आणि तारीख १९८७ ची. दुरुस्तीला टाकून माणूस परत आलाच नव्हता.

"काका, आता कोण येणार?"

"आला तर?"

मी यादीतला आकडा बदलून ३७ केला. माझा गळका ईसीसी८२ टेबलावरच पडलेला होता. काकांनी त्याला कागद गुंडाळला, त्यावर पेनाने 'गरम झाल्यावर गळतो' असं लिहिलं आणि तोही डब्यात ठेवला.