“ऊन तापू दे, मंग काढ”

मैत्रिणींनो, यवतमाळ जिल्ह्यातली बाई उन्हाची वाट पाहत होती असं सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा खुशाल. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, कूलरमध्ये पाणी ओतता ओतता हात गळून येतात, आणि तिथली माणसं म्हणे ऊन मागतात! पण गेला हिवाळा मी खरोखरच दिवस मोजून काढला. तोही एका फोटोसाठी.

आधी थोडं मागचं सांगते. तीन वर्षांपूर्वी आमचे मामंजी गेले. तेरवीच्या दोन दिवस आधी लक्षात आलं, की भिंतीवर लावायला त्यांचा एक धड फोटो घरात नाही. लग्नांच्या अल्बमांत होते, पण कुठे पंगतीत पाठमोरे, तर कुठे कुणाच्या फेट्याआड अर्धे. शेवटी आधारकार्डावरचा चेहरा मोठा करून आणला. स्टुडिओवाल्याने आपल्या मनाने त्यांच्या अंगात निळा कोट घातला, गळ्यात टाय बांधला आणि मागे बर्फाचे डोंगर उभे केले! सासूबाईंनी तो फोटो बराच वेळ निरखला आणि म्हणाल्या, “हा कोन साहेब आनला वो घरी? त्यायच्या अंगात तं जलमभर बंडी होती.”

दुःखाच्या घरात आम्ही सगळे फसकन हसलो. पण नंतर माझ्या ध्यानात आलं, की सासूबाई त्या फोटोला कधी फूल वाहत नाहीत. कोपऱ्यात मामंजींची काठी आहे, तिच्यापाशी ठेवतात.

तेव्हाच मी ठरवलं, की सासूबाईंचा फोटो वेळेवर काढायचा. वेळेवर म्हणजे कधी, ते तुम्ही समजून घ्या. सत्तरी ओलांडलेल्या बाईला “चला आई, तुमचा छान फोटो काढू” म्हणणं किती अवघड असतं! दिवाळीत मी धीर करून विषय काढला, तर त्यांनी सरळच विचारलं, “काहून? भिंतीले टांगाले पायजे का?” मी खाली मान घालून भाजी निवडत राहिले. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, “आता नोको. थंडीनं तोंड सुकल्या बोरावानी झालं. ऊन तापू दे, मंग काढ.”

तुम्हांला वाटेल, विदर्भात कसली आली थंडी! पौषात आमच्याकडे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा पांढरकवड्यात येऊन पाहा. सासूबाईंचे गुडघे धरतात, छातीत घरघर सुरू होते. अंगणातली बाज त्या उन्हामागे सरकवत नेतात. सकाळी तुळशीजवळ, दुपारी न्हाणीच्या भिंतीशी. संध्याकाळी ऊन गेलं, की चेहराच मावळतो.

जानेवारीत एका रात्री त्यांचा श्वास फारच लागला. दवाखान्यात नेलं, वाफ दिली, ऑक्सिजन लावला. रात्री दोन वाजता बाहेरच्या बाकावर बसले असताना माझ्या मनात काय यावं? सांगायला लाज वाटते. मनात आलं, यांच्याही अंगात कुणी परकी साडी घालील. आधी देवाचं नाव यायला हवं होतं, नाही का?

त्या बऱ्या होऊन घरी आल्या आणि माझा उन्हाचा हिशोब सुरू झाला. मी एका शाळेत तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते, त्यामुळे हा हिशोब मुलांकडूनही करून घेतला. आपला जिल्हा साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर. २२ डिसेंबरला भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून जेमतेम ४६ अंश वर. २१ मार्चला तोच जवळजवळ ७० अंशांवर येतो आणि मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक दुपार अशी येते, की उभ्या काठीची सावलीच पडत नाही. गंमत म्हणजे, फोटोला हिवाळ्यातलं तिरपं ऊनच चांगलं. चेहऱ्यावर सगळीकडे पोचतं. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर आला, की कपाळ चकाकतं आणि डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात. पण हे शास्त्र सासूबाईंना कोण सांगणार? त्यांना ऊन अंगाला लागायला हवं होतं.

फाल्गुन लागला. आमचं शेत घाटंजीच्या रस्त्याला आहे. कपाशी निघून गेलेली, हरभरा सोंगलेला, सगळं रान भुरकट. आणि नाल्याच्या काठाने पळस पेटलेले. अंगावर एक पान नाही, नुसती केशरी फुलं. साळुंक्यांची त्यांतल्या रसासाठी झुंबड. इतकी देखणी फुलं, पण वास नाही, म्हणून आम्ही त्यांना पाण्यात उकळून धुळवडीचा रंग करतो.

सासूबाई शेतात यायला आपणहून तयार झाल्या. पेटीतलं हिरवं लुगडं काढलं, कपाळाला गोपीचंदन रेखलं. मी त्यांना दुपारी अकराला मोठ्या हौसेने पळसाखाली बसवलं आणि तिथेच चुकले. पानंच नाहीत, तर सावली कुठली? नुसत्या काटक्यांची जाळी. मोबाइलवर पाहते तो चेहऱ्यावर काळेपांढरे चट्टे! त्यात सासूबाई श्वास रोखून, मान ताठ करून बसलेल्या. “फोटोत हालू नये,” त्या ओठ न हलवता म्हणाल्या.

हे त्यांचं म्हणणं फार जुनं आहे बरं का! मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद होते आणि स्वतः फोटो काढत. त्या काळी काचेवर चित्र उमटायला कित्येक सेकंद लागत. तेवढा वेळ हसू धरून ठेवायचं म्हणजे शिक्षाच! म्हणून जुन्या वाड्यांतले पणजोबा-पणज्या आपल्याकडे रागावून पाहत असतात. कॅमेरे बदलले, पण धाक राहून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातलाच गेलो. या वेळी त्यांना पळसापासून दहा पावलं पुढे बसवलं, तोंड उगवतीकडे. फुलं मागे राहिली. “आता फोटो नाही काढत, तुम्ही रंगासाठी फुलं निवडा,” असं म्हणून मी त्यांच्या मांडीवर धुतलेला पांढरा पंचा अंथरला. तो अंथरला निव्वळ लुगड्याला डाग पडू नये म्हणून. पण त्याच्यावरून कोवळं ऊन वर उसळलं आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं, गळ्याच्या सुरकुत्या सगळ्यांवर जणू कुणी मऊ हात फिरवला. तुम्हीही घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोटो काढाल तेव्हा मांडीवर पांढरं फडकं ठेवून पाहाच. भिंतीशी चिकटवून उभं करू नका. आणि त्यांच्या हातांना काहीतरी काम द्या.

सासूबाई फुलांचे देठ खुडत होत्या. मधेच त्यांनी डोळे मिटले, तोंड वर केलं आणि म्हणाल्या, “आता कसा ऊन लागला वो.” तेवढ्यात मी बोट दाबलं.

डोळे अर्धे मिटलेले, एक बट सुटलेली, बोटं केशरी. आमच्या ह्यांना तो पसंत पडला नाही. “डोळे उघडे असलेला निवड,” म्हणाले. मी तोच बारा बाय पंधराचा छापून आणला. हो, एक सांगायचं राहिलं. मोबाइलमधल्या फोटोंच्या भरवशावर राहू नका. माझ्या बहिणीचा फोन बंद पडला आणि पाच वर्षं एका क्षणात गेली.

फ्रेम सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी पदराने काच पुसली, दूर धरून पाहिली. “मीच आहो,” म्हणाल्या. मग बोटाने दाखवलं: कोटवाल्या साहेबाच्या शेजारी लाव. शेजारच्या काकूंनी ऐकून तोंडावर हात नेला. “अहो, जित्या माणसाचा फोटो तिथे?” सासूबाई म्हणाल्या, “मंग का झालं? मीच पायतो ना आता.”

रोज दुपारी त्या बाजेवरून तो पाहतात. परवा मला हाक मारून विचारलं, “तुया कुठी हाय वो फोटो?”

मी मोबाइल काढला. दोन हजारांवर फोटो आहेत. मुलीचे, ह्यांचे, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे, पापड वाळत घातल्याचेसुद्धा. माझा एकटीचा शोधता शोधता गॅसवरचं दूध उतू गेलं.

पळस अजून आठ-दहा दिवस राहील. रविवारी सासूबाई फोटो काढणार आहेत. बोट कुठे दाबायचं, ते नात त्यांना शिकवते आहे.