सासूबाईंचा एक प्रश्न आणि ट्रेलरची निळी वायर



आमच्या ट्रेलरबद्दल तुम्ही आधी वाचलंच आहे. सूर्यास्ताआधी जेवायचं, कंदमूळ नको, पाणी उकळून गाळून, हे सगळं अमेरिकेत मोटेलच्या खोल्यांतून जमवताना जीव मेटाकुटीला यायचा, म्हणून हे चाकांवरचं स्वयंपाकघर घेतलं. आज त्याच्या बॅटऱ्यांविषयी. विषय रुक्ष वाटेल, पण लिहायला हवा.

गेल्या ऑक्टोबरात सासूबाईंना घेऊन युटामधल्या कॅपिटॉल रीफला गेलो होतो. फ्रुटाच्या कॅम्पग्राउंडमध्ये विजेची जोडणी मिळत नाही, जे काही चालवायचं ते स्वतःच्या बॅटरीवर. पहाटे तीनला हीटरचा पंखा मंदावला आणि थांबला. गॅसची टाकी भरलेली होती, पण या हीटरचा पंखा पुरेशा वेगाने फिरला नाही तर ज्योतच पेटत नाही. बाहेर पारा शून्याजवळ. उठून पाहते तर सासूबाई दोन शाली गुंडाळून बसलेल्या, हातात जपमाळ. म्हणाल्या, "झोप गं तू. जागच आली आहे तर जप होतोय." अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी एवढंच म्हणावं, हे मला फार लागलं.

जुन्या बॅटऱ्या शिसे-आम्लाच्या, 6 व्होल्टच्या दोन एकामागे एक जोडलेल्या. कागदावर 220 अँपिअर-तास, पण निम्म्याहून जास्त काढल्या तर लवकर खराब होतात, आणि थंडीत आणखी मलूल. त्याजागी लिथियम आयर्न फॉस्फेटच्या घ्यायचं ठरलं. यात कोबाल्ट नाही आणि निकेलही नाही, म्हणून मन थोडं हलकं झालं. थोडंच, कारण लिथियमही कुठल्या तरी जमिनीच्या पोटातूनच येतं. अपरिग्रहाचं व्रत घेऊन बॅटऱ्यांची यादी करत बसलेली मी, यावर ह्यांनी जे विनोद केले ते इथे लिहीत नाही.

माझं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं, त्यामुळे काम मीच अंगावर घेतलं. पुढच्या दांड्यावरची जुनी पेटी उघडली तर कोपऱ्यात एक काळी विषारी कोळीण, शेजारी अंड्यांची पांढरी गोळी. आमच्या ॲरिझोनात या सर्रास असतात. रुंद तोंडाची बरणी, जाड कागद आणि मऊ ब्रश घेऊन आम्ही दोघांनी अंड्यांसकट तिला मागच्या मेस्किटच्या झाडाखाली नेऊन ठेवलं. तास गेला. पेटी नीट पाहिल्याशिवाय पाना लावायचा नाही, हा नियम तेव्हापासून पक्का. दुसरा नियम, काम दिवसाच. रात्री उघड्या दारात दिवा लावला की पतंग-किडे नुसते झेपावतात.

लोकांना वाटतं जुनी काढायची, नवी ठेवायची, झालं. तसं नाही. ट्रेलरचा जुना कन्व्हर्टर 13.6 व्होल्टवर थांबतो, लिथियमला पूर्ण भरायला साधारण 14.4 लागतात, म्हणून तो बदलला. गाडीकडून येणारी तार थेट जोडायची नाही. लिथियम एवढा प्रवाह ओढून घेते की तार आणि गाडीचा अल्टरनेटर दोन्ही तापतात. मध्ये डीसी ते डीसी चार्जर बसवला. शून्याखाली लिथियम चार्ज करायची नसते, म्हणून 100 अँपिअर-तासांच्या दोन्ही बॅटऱ्या बाहेरून आत पलंगाखाली आणल्या. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांतून हायड्रोजन निघतो, त्या अशा ठेवता आल्या नसत्या. आणि बॅटरीच्या धन टोकाजवळच क्लास-टी फ्यूज. इथे मात्र पैसे वाचवू नका. या बॅटरीचं शॉर्ट सर्किट साध्या फ्यूजला आवरेलच असं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या तारा एका पितळी पट्टीवर ओळीने लावल्या, पट्टीच्या आधी मेन स्विच. फार सुबक दिसत होतं. सासूबाई दारातल्या खुर्चीवर शेंगा निवडत होत्या.

"हा खटका बंद केला की सगळं बंद?"

"हो आई, सगळं."

"सगळंच ना? म्हणजे रात्री काही जळायला नको."

मी 'हो' म्हणाले, आणि हातातला पाना तसाच राहिला. सगळं बंद व्हायला नको होतं. ट्रेलर चालत्या रस्त्यावर गाडीपासून सुटला तर एक दोरी खिळ खेचते आणि ट्रेलरचे ब्रेक त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर लागतात. ती निळी वायर पूर्वी थेट बॅटरीला होती. नीटनेटकेपणाच्या नादात मी ती स्विचच्या पलीकडे पट्टीवर नेली होती. आणि प्रवासात मेन बंद ठेवायची सवय माझीच.

खात्री करून घेतली. गाडीकडून येणारा वायरचा प्लग काढला, मेन बंद केला, खिळ ओढली, ह्यांना गाडी अगदी हळू पुढे घ्यायला सांगितलं. दोन टनांचा ट्रेलर गाईमागून वासरू यावं तसा निमूट मागे आला. मला घाम फुटला. हायवेवर हा सुटला असता तर मागच्या गाडीत कोण असतं? किडा-मुंगी वाचवताना ब्रशने काम करणारी मी. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद आहे, हे पाठशाळेत मुलांना मीच शिकवते.

वायर काढली, वेगळं ब्रेकर घालून थेट बॅटरीच्या टोकाशी नेली. मेन बंद ठेवूनच पुन्हा तीच चाचणी. या वेळी चाकं जागीच आवळली गेली आणि टायरांनी खडीत दोन चर काढले. हे ते बुजवायला निघाले, मी म्हटलं राहू देत आजच्या दिवस.

जुन्या बॅटऱ्या दुकानात परत दिल्या, तिथून पुनर्वापराला जातात. आता किटलीत दीड लिटर पाणी उकळायला साधारण 13 अँपिअर-तास लागतात, म्हणजे सासूबाईंच्या दिवसभराच्या पाण्याची चिंता नाही. हीटर रात्रभर चालतो. निळ्या वायरीवर मी पांढरी पट्टी चिकटवली आहे. त्यावरचं अक्षर सासूबाईंचं आहे, "हिला हात लावू नये."