फरक पडला का?

वडनेर भोलजीला हायवेच्या कडेला एक जुना ट्रक बॉनेट उघडून उभा होता. इंजिन चालू, पण लंगडत. मिस्त्री पाना घेऊन पंपाकडून नोझलकडे जाणाऱ्या सहा नळ्यांचे नट एकेक करून ढिले करत होता. नट ढिला झाला की तिथून डिझेल फसफसायचं आणि इंजिन आणखीच अडखळायचं. तेवढं ऐकून तो नट कसायचा आणि पुढच्या नळीला हात घालायचा. चौथ्या नळीशी डिझेल उडालं, पण इंजिनाला त्याची गंधवार्ता नाही. जसं लंगडत होतं तसंच लंगडत राहिलं.

"फरक पडला का काही?" त्यानं क्लिनरला विचारलं. "नाही न? मंग हाच मेला हाये."

मला नांदुऱ्याची गाडी पकडायची होती. ती गेली. जिचं काम बंद पाडलं तरी कुणाला कळत नाही, तीच जागा आजारी, ही तपासणीची रीत डोक्यातून हलेना. आमच्या भजनी मंडळात एक काका वर्षानुवर्षं नुसते ओठ हलवायचे. ते पंढरपूरला गेले त्या आठवड्यात भजनात तसूभर फरक पडला नाही, आणि मगच सगळ्यांच्या लक्षात आलं.

पण सिलिंडर सापडला म्हणजे रोग सापडला असं नाही. मिस्त्रीनं चौथ्याचं नोझल काढून तिसऱ्यात बसवलं आणि तिसऱ्याचं चौथ्यात. आता तिसरा मुका झाला तर दोष नोझलचा. चौथाच मुका राहिला तर गोष्ट आत, व्हॉल्व्हपर्यंत नाही तर पिस्टनपर्यंत गेलेली. त्यासाठी त्यानं ऑइल भरायचं झाकणही उघडून पाहिलं. तिथून भकाभक धूर आला की मिस्त्री लोक म्हणतात, बॅक कॉम्प्रेशन मारतंय. मग मालकानं निदान हाफ इंजिनाच्या खर्चाची तयारी ठेवावी. इथं धूर बेताचा होता. मालक नव्हता, पण ड्रायव्हरचा चेहरा मालकासारखा उजळला.

मला असे मिस्त्री आवडतात. आधी खोलून मग विचार करणाऱ्यांची जात वेगळी. डिझेल इंजिन बरंचसं आपण होऊन सांगतं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा मात्र फसवा. थंडीत सकाळी थोडा वेळ निघून गेला तर दुर्लक्ष करावं. गरम झाल्यावरही निघत असेल आणि डोळ्यांना झोंबत असेल, तर ते न जळलेलं डिझेल. झोंबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केटकडे पाहावं.

अशा जुन्या ट्रकांचं कूळ सांगायचं तर टेल्को आणि डायमलर-बेंझचा करार 1954 सालचा. 1969 मध्ये तो संपला आणि ट्रकच्या नाकावरची तीन टोकांची चांदणी जाऊन तिथं 'टी' आला. पण आतली सहा सिलिंडरांची इंजिनं त्याच घराण्यातली राहिली, एक-पाच-तीन-सहा-दोन-चार याच क्रमानं पेटणारी. नाशिकला सातपूरच्या मायको कारखान्यात त्यांची नोझलं बनायची. या इंजिनांना वायरिंगची फारशी गरजच नव्हती. एकदा सुरू झालं की बॅटरी काढून घेतली तरी चालत राहायचं.

गिअरबॉक्सचं निदान याहून अवघड, कारण तो बोलतो कमी आणि दुसऱ्याचा आळ त्याच्यावर येतो. माझ्या मामाचा नाकवाला ट्रक होता. बुलडाण्याहून तुरीची पोती भरून तो मलकापूरला उतरायचा. आमच्या जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग, आणि त्यांच्या मधे राजूर घाट. त्या घाटात उताराला तिसरा गिअर सटकायला लागला. भरलेल्या गाडीचा उतारावर गिअर सटकणं म्हणजे काय, हे मी मधल्या फळीवर बसून पाहिलंय. इंजिनाचा आवाज एकदम हलका होतो, कानाला क्षणभर बरंच वाटतं, आणि गाडी मात्र पुढे धावत सुटते. मामा ब्रेकवर उभा राहायचा, शिव्या द्यायचा, अ‍ॅक्सिलरेटर मारून पुन्हा गिअर अडकवायचा. मग क्लिनरनं दोन्ही हातांनी दांडा आवळून धरायचा. घाट संपेपर्यंत त्याच्या दंडाच्या शिरा सुतळीसारख्या दिसायच्या. मोताळ्याला चहा झाला की तो हाताची बोटं एकेक करून सरळ करायचा. मला त्या कामाचा हेवा वाटायचा. मामीनं मात्र त्या ट्रकमधून मला पाठवणं बंद केलं.

एका मिस्त्रीनं निकाल दिला, गिअरबॉक्स खाली घ्या, दात गेलेत. खर्च ऐकून मामा गप्प. मलकापूरचा एक म्हातारा मिस्त्री ट्रकखाली गेलाच नाही. केबिनमध्ये चढला, दांड्याभोवतीचं फाटकं रबर उचललं आणि फरशीच्या पत्र्यावर बोट ठेवलं. सगळा पत्रा गंजलेला, एवढी एकच कड घासून चकचकीत झालेली. त्यानं हँडब्रेक ओढायला लावला, गिअर टाकायला लावला आणि क्लच किंचित सोडायला सांगितला. बाहेरून पाहिलं तर इंजिन एका बाजूनं उचललं जात होतं. माउंटिंगचं रबर संपलं होतं. इंजिन हललं की त्याच्यासोबत गिअरबॉक्स हलायचा, दांडा पत्र्यावर आपटायचा आणि गिअर बाहेर. म्हाताऱ्याच्या मनात पाप नव्हतं, म्हणून तो फक्त रबराचे पैसे सांगून मोकळा झाला.

कानावरच्या या विद्येला गिऱ्हाईक कमी होत चाललंय. हायवे चौपदरी झाला, त्याचा नंबर सहाचा त्रेपन्न झाला, सुरतेकडचा माल न थांबता कोलकात्याच्या वाटेला लागतो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-सहाच्या गाड्या. त्यांना स्कॅनर लागतो. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली. ते फार आधी व्हायला हवं होतं. वैशाखातल्या वऱ्हाडात इंजिनाच्या कुशीत बसून गाडी हाकणं ही शिक्षाच होती.

माझ्यासमोरच असा एक नवा ट्रक येऊन थांबला. काच खाली झाली, आतून गार वारा आणि गाणं बाहेर आलं. गाडी पुढच्या टोलपर्यंत जाईल का, एवढंच ड्रायव्हरला पाहायचं होतं. मिस्त्रीनं कान चाकांकडे नेला, मान हलवली.

"कवापासून येते हा आवाज? चढावर का उतारावर?"

"कोणता आवाज?" ड्रायव्हर म्हणाला. "दिवा लागला म्हणून थांबलो मी."